सदर बाजार ते ई-छावनी : लखनऊ कॅन्टोन्मेंट बोर्डाची वाटचाल

फेब्रुवारी १८५६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने अवधचं राज्य खालसा केलं. त्याच महिन्यात कलकत्त्यात हिंदुस्थानातला पहिला पेटंट कायदा मंजूर झाला. ३ मार्चला जॉर्ज आल्फ्रेड डिपेनिंग यांनी पहिला अर्ज दाखल केला, तो पंखा ओढणाऱ्या यंत्राचा. शोधकाला चौदा वर्षांची मक्तेदारी देणारा कायदा आणि लखनऊची आजची छावणी, दोघांची वाटचाल अशी जवळपास एकाच वेळी सुरू झाली. त्यांची गाठ मात्र पडली दीडशेहून अधिक वर्षांनी, कॅन्टोन्मेंट बोर्डाचा कारभार संगणकावर गेला तेव्हा.

आधीची छावणी गोमतीच्या उत्तरेला मडियांवला होती. १८५७ च्या उठावात ती उद्ध्वस्त झाली आणि नवी छावणी शहराच्या आग्नेयेला वसवली गेली. पलटणींच्या गरजेसाठी सदर बाजार उभा राहिला, पण तो मुक्त बाजार नव्हता. छावण्यांच्या बाजारातले भाव, मापं आणि परवाने लष्करी अधिकाऱ्यांच्या नजरेखाली असत. १८६४, १९२४ आणि २००६ च्या कायद्यांनी कारभाराची चौकट बदलत नेली. मालमत्ता कर, पाणीपट्टी, दुकानांचे परवाने, जन्म-मृत्यूची नोंद ही कामं मात्र बोर्डाकडेच राहिली.

पेटंटच्या दृष्टीने कर आकारणं किंवा परवाना देणं ही कामाची पद्धत आहे. ती आज्ञावलीत उतरवल्यावर कुणी त्या पद्धतीवरच पेटंट घेतलं, तर त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्या कुणालाही तशी प्रणाली बनवता येणार नाही, मग त्याने स्वतःच्या हाताने नवी आज्ञावली का लिहिलेली असेना. कॉपीराइट नक्कल अडवतो. पेटंट स्पर्धाच अडवतं.

भारताने इथे वेगळी वाट धरली. २००२ च्या दुरुस्तीने पेटंट कायद्यात कलम ३(के) आलं. गणिती वा व्यावसायिक पद्धती, निव्वळ संगणक आज्ञावली आणि अल्गोरिदम यांना पेटंट नाही, असं ते सांगतं. डिसेंबर २००४ च्या अध्यादेशाने त्यात फट पाडली : आज्ञावलीचा उद्योगात तांत्रिक उपयोग असेल किंवा तिची हार्डवेअरशी सांगड असेल, तर पेटंटचा मार्ग मोकळा. सरकारला बाहेरून पाठिंबा देणाऱ्या डाव्या पक्षांनी आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या कार्यकर्त्यांनी विरोध केला. मार्च २००५ मध्ये संसदेने कायदा मंजूर करताना ती तरतूद गाळली. त्याच वर्षी जुलैत युरोपीय संसदेनेही अशाच पेटंटांचा प्रस्ताव ६४८ विरुद्ध १४ मतांनी फेटाळला.

दुसरीकडे, २००३ मध्ये नंदन निलेकणी आणि श्रीकांत नाधमुनी यांनी बंगळुरूत ई-गव्हर्नमेंट्स फाउंडेशन सुरू केलं. पालिकांच्या कामासाठी या संस्थेने तयार केलेला ‘डिजिट’ हा मंच ओपन सोर्स आहे. २०१५ मध्ये केंद्र सरकारनेही सरकारी कामात ओपन सोर्सला प्राधान्य देणारं धोरण जाहीर केलं.

१६ फेब्रुवारी २०२१ रोजी संरक्षणमंत्री आणि लखनऊचे खासदार राजनाथ सिंह यांच्या हस्ते ‘ई-छावनी’ पोर्टल सुरू झालं. देशातल्या ६२ कॅन्टोन्मेंट बोर्डांसाठी ही एकच प्रणाली होती. लखनऊबरोबर पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहमदनगर, औरंगाबाद आणि कामठीही तिच्यात आले. फाउंडेशन, भारत इलेक्ट्रॉनिक्स, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र आणि संरक्षण संपदा महासंचालनालय यांनी मिळून ती उभारली, तीही ‘डिजिट’च्या पायावर. भाडेपट्ट्याचं नूतनीकरण, नळजोडणी, व्यापार परवाना, कर भरणा ही कामं घरबसल्या होऊ लागली.

‘डिजिट’ची आज्ञावली एमआयटी परवान्याखाली खुली आहे. ती कुणीही घ्यावी, बदलावी, विकावी. मात्र या परवान्यात पेटंटचा स्पष्ट उल्लेखच नाही. एखाद्या त्रयस्थाने करआकारणीच्या पद्धतीवर पेटंट मिळवलं असतं, तर खुला परवाना तिथे थिटा पडला असता. ती बाजू भारतात कलम ३(के) सांभाळतं.

हे कलम ढळलेलं नाही, पण त्याचा अर्थ लावताना ओढाताण झाली. पेटंट कार्यालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये काढलेली मार्गदर्शक तत्त्वं डिसेंबरात स्थगित झाली. २०१६ मध्ये नव्या हार्डवेअरची अट आली, २०१७ मध्ये ती गेली. डिसेंबर २०१९ मध्ये फरीद अल्लानी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटलं की, संगणकावर आधारलेला प्रत्येक शोध बाद होत नाही. त्याचा तांत्रिक परिणाम तपासायला हवा.

वीस वर्षांचं संरक्षण नसेल तर संशोधनात पैसा कोण घालणार, असं पेटंटचे समर्थक विचारतात. औषधांबाबत या प्रश्नाला वजन आहे. पण पालिकांच्या प्रणालीत पैसा बसवणी, देखभाल, प्रशिक्षण आणि बदल करून देण्यात मिळतो. तिथे दहा कंपन्या उतरू शकतात, कारण पाया कुणा एकाच्या नावावर नाही. मक्तेदारी देतं सरकार आणि ती मुक्त बाजाराच्या नावावर खपवली जाते, ही विसंगती इथे टळली.

पुढची कसोटी आता दिसते आहे. एप्रिल २०२३ मध्ये हिमाचलमधल्या खास योल छावणीचा दर्जा काढून घेण्यात आला आणि इतर छावण्यांचे नागरी भाग शेजारच्या पालिकांकडे देण्याची चर्चा सुरू झाली. लखनऊचा सदर बाजार उद्या महापालिकेत गेलाच, तर दुकानदारांच्या परवान्यांच्या नोंदी नव्या प्रणालीत न्याव्या लागतील. हे काम कुणाच्या परवानगीवाचून करता आलं, तरच या दोन दशकांत घेतलेले निर्णय बरोबर होते असं म्हणता येईल.