ऑस्ट्रेलियांत स्टारबक्सची पीछेहाट

अमेरिकेंतील सिॲटल शहरीं १९७१ सालीं निघालेल्या स्टारबक्स कंपनीनें जुलै २००० मध्यें सिडनी येथें आपलें पहिलें ऑस्ट्रेलियन कॉफीगृह थाटलें. आठ वर्षांत दुकानांची संख्या ८४ झाली. आणि जुलै २००८ मध्यें त्यांपैकीं ६१ दुकानें एकदम बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. सुमारें सातशें नोकरांची रोजी गेली. चीन-जपानसारख्या चहाच्या देशांत जी कंपनी रुजली, तिनें कॉफीवर जीव टाकणाऱ्या देशांत हात टेकावे, हें विपरीत दिसतें खरें. परंतु त्याचें मूळ त्या आवडींतच आहे, आणि तें पाहण्यासाठीं अर्धें शतक मागें गेलें पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धापूर्वीं ऑस्ट्रेलियन मनुष्य पक्का चहाबाज होता. युद्ध संपल्यावर तेथील सरकारनें लोकसंख्या वाढविण्यासाठीं यूरोपीय वसाहतवाल्यांस दरवाजे उघडले. १९५१ सालीं इटलीशीं तसा करारहि झाला. इटालियन आणि ग्रीक कुटुंबें मोठ्या संख्येनें आलीं, तीं आपली कॉफी बरोबर घेऊनच. मिलान येथील आकिले गाजिया यानें दांडा ओढून दाबाखालीं कॉफी उतरविण्याचें यंत्र नुकतेंच बाजारांत आणलें होतें. तशीं यंत्रें लवकरच मेलबर्नच्या रस्त्यांवर दिसूं लागलीं. १९५४ सालीं तेथील बर्क स्ट्रीटवर निघालेलें पेलेग्रिनी बंधूंचें उपाहारगृह आजहि प्रसिद्ध आहे.

या नव्या चालीस एका जुन्या कायद्याचा अनपेक्षित हातभार लागला. व्हिक्टोरिया प्रांतांत १९१६ पासून १९६६ पर्यंत मद्यगृहें सायंकाळीं सहालाच बंद होत. दिवेलागणीनंतर चार मित्रांनीं बसावें कोठें? इटालियनाच्या कॉफीगृहांत! तेथें चित्रकार आले, विद्यार्थी आले, गप्पा रंगल्या. आणि एका पिढींत परक्यांची कॉफी ही घरची झाली. गल्लींतील दुकानदार गिऱ्हाइकाला नांवानें ओळखे आणि त्याचा पेला न सांगतां पुढें करी. मुंबईच्या इराण्याच्या हॉटेलांत ज्यांच्या सकाळी गेल्या, त्यांस या नात्याची गोडी निराळी सांगावयास नको. 'फ्लॅट व्हाइट' नांवाची पातळ फेसाची दुधाळ कॉफी तर ऑस्ट्रेलियन लोक आपलीच म्हणून अभिमानानें सांगतात (न्यूझीलंडवाल्यांस हा दावा मान्य नाहीं!).

आतां स्टारबक्सकडे पाहावें. तिचा सूत्रधार हॉवर्ड शुल्ट्झ १९८३ सालीं मिलानला गेला, तेथील कॉफीगृहें पाहून भारला, आणि तो थाट त्यानें अमेरिकेंत नेला. पांचट कॉफीला सरावलेल्या अमेरिकनांस ती अपूर्वाई वाटली. ऑस्ट्रेलियांत मात्र मूळ इटालियनच पन्नास वर्षें आधीं येऊन बसले होते. तेथें सर्वत्र एकाच सांच्याची दुकानें, गोड पाकाचीं पेयें आणि चढे दर घेऊन आलेल्या कंपनीजवळ नवें असें काय होतें? शिवाय तिनें दुकानें काढलीं तीं भराभर. गिऱ्हाइकाला संवय जडण्यापूर्वींच भाडें आणि पगार यांचा बोजा वाढला.

केवळ परकेपणानें घात केला, असें मात्र म्हणतां येत नाहीं. ग्लोरिया जीन्स ही पेढीहि मूळची अमेरिकनच. पण १९९६ पासून ऑस्ट्रेलियन चालकांच्या हातीं ती तेथें चांगली फोफावली. मॅकडोनाल्डनें तर १९९३ सालीं मेलबर्नमध्येंच आपलें पहिलें 'मॅककॅफे' काढून, ऑस्ट्रेलियांत शिकलेला धडा पुढें इतर देशांत नेला.

स्टारबक्सनें उरलेलीं २४ दुकानें २०१४ सालीं एका ऑस्ट्रेलियन व्यापारी घराण्याच्या स्वाधीन केलीं. खुद्द इटलींत पाऊल टाकण्यास तिला सप्टेंबर २०१८ उजाडला. मिलानच्या कोर्दूसिओ चौकांतील जुन्या टपाल कचेरीच्या भव्य इमारतींत तिनें आपलें कॉफीगृह उघडलें, तेव्हां शुल्ट्झच्या त्या पहिल्या भेटीस पस्तीस वर्षें झालीं होतीं.