नाराज अशील: भीमथडी ते बारामती

पेशवाईत आरोपीच्या वतीने बोलणारा धंदेवाईक वकील नव्हता. वतनाचा तंटा गोतसभेपुढे जाई. चोरी-खुनाची चौकशी पाटील, कमाविसदार आणि त्यांच्यावरचे सरकार करी. ज्याच्यावर आळ आला त्याने स्वतःच तोंड उघडायचे, जामीन द्यायचा आणि प्रसंगी दिव्यही करायचे. निकालावर चडफडणारे पुष्कळ असत, पण आपली बाजू मांडणाऱ्यावर चडफडावे अशी सोयच नव्हती. ही नाराजी इंग्रजी अदालतींबरोबर आली.

मुंबई इलाख्यात 1827 च्या एल्फिन्स्टन संहितेतील दुसऱ्या रेग्युलेशनने वकिलांना सनद देण्याची पद्धत घातली आणि त्यांची फीही ठरवून दिली. 1846 च्या पहिल्या कायद्याने दोन गोष्टी बदलल्या. कोणत्याही धर्माच्या लायक माणसाला वकिली खुली झाली, आणि फी किती हे अशील व वकील यांनी आपापसांत ठरवावे असे झाले. पुढच्या बऱ्याच भांडणांचे मूळ या दुसऱ्या बदलात आहे. रक्कम ठरत असे, पण त्या रकमेत काम किती करायचे हे क्वचितच ठरे. तक्रार करायची तर सनदेवर ताबा असलेल्या कोर्टाकडेच जावे लागे. ज्या न्यायाधीशापुढे वकील रोज उभा राहतो त्याच्यापुढेच त्याची कागाळी करायची, ही हिंमत खेड्यातल्या कुणब्याकडून अपेक्षिणे जरा जास्तच होते.

याच काळात इंदापूर तालुक्यात प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याची फसलेली जमीन-आकारणी मोडून 1836 मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांची नवी पाहणी लागू झाली. शेताला नंबर मिळाला, आकार ठरला आणि खातेदाराचे नाव दप्तरी लागले. कागदावर आलेली जमीन गहाण पडायलाही सोपी झाली. शेजारी भीमथडी तालुका होता. बारामती त्याचे मुख्य ठिकाण आणि सुपे त्यातलेच मोठे बाजाराचे गाव. 12 मे 1875 रोजी, बाजाराच्या दिवशी, सुप्यात सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले गेले. हे लोण भीमथडी-इंदापुरातून नगर जिल्ह्यापर्यंत पोचले. पुणे आणि नगर या दोन्ही जिल्ह्यांत मिळून 951 माणसे पकडली गेली आणि त्यांतल्या 501 जणांना शिक्षा झाल्या. म्हणजे जवळजवळ निम्मे सुटले.

दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने दिवाणी कोर्टांची जी तपासणी केली तिच्यात एकतर्फी हुकूमनाम्यांचा ढीग निघाला. समन्स निघे, कुणबी हजर राहत नसे आणि सावकाराच्या मागणीप्रमाणे निकाल लागे. कोर्ट लांब, स्टँपचा खर्च, वकिलाची फी, आणि एवढे करून काही हाती लागेल याचा भरवसा नाही. सावकाराची कोर्टात नित्याची ये-जा, त्यामुळे वकील त्याच्या ओळखीचा. कुणब्याला मात्र तारखेच्या दिवशी मिळेल तो धरावा लागे. अशा माणसाच्या नजरेत वकील हा सावकाराच्याच गोटातला ठरला, यात नवल नाही.

1879 च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने यावर काढलेला तोडगा आजही चकित करतो. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांत शंभर रुपयांपर्यंतच्या दाव्यांत, तसेच तडजोड-अधिकारी आणि गावमुन्सफ यांच्यापुढे, वकिलाला उभे राहण्यास कलम 68 ने बंदी केली. पक्षकाराच्या वतीने नातेवाईक, नोकर किंवा भागीदार बोलू शके. पुढच्याच कलमाने मोठ्या दाव्यांत, समोरच्याकडे वकील असेल आणि शेतकऱ्याकडे नसेल तर, सरकारी वकिलाला शेतकऱ्याच्या बाजूने उभे करण्याची मुभा कोर्टाला दिली. एकाच कायद्यात वकील हा रोगही ठरला आणि औषधही.

फौजदारी खटल्यांना मात्र यातले काहीच लागू नव्हते. 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 340 ने आरोपीला वकिलामार्फत बचाव करण्याचा हक्क दिला, पण तो स्वखर्चाने. फाशीची शिक्षा होऊ शकेल अशा खटल्यातल्या निर्धन आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळे. दरोडा किंवा मारामारीतल्याने शेत विकावे, नाहीतर गप्प उभे राहावे. तेव्हा सत्र न्यायालय पुण्यात होते. बारामतीहून ते शंभर किलोमीटरच्या आसपास, इंदापूरहून त्याहून लांब. गावातला वकील तिथे येत नसे आणि पुण्याचा वकील आरोपीला ओळखत नसे. (गंमत अशी की 2023 च्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही हा हक्क पुन्हा कलम 340 मध्येच येऊन बसला आहे.)

1926 च्या वकील फी कायद्याने दोन्ही बाजूंना हत्यार दिले. वकिलाला थकलेल्या फीसाठी दावा करता येऊ लागला आणि हलगर्जीपणामुळे झालेल्या नुकसानीबद्दल अशिलालाही वकिलावर दावा लावता येईल हे स्पष्ट झाले. राज्यघटनेच्या अनुच्छेद 22 ने अटक झालेल्याला पसंतीच्या वकिलाचा हक्क दिला, आणि 1961 च्या अधिवक्ता कायद्याने शिस्तीच्या तक्रारी वकिलांच्याच निवडून आलेल्या बार कौन्सिलकडे सोपवल्या. बारामती-इंदापूरच्या अशिलासाठी ती महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिल. तिथे तीन सदस्यांची शिस्तपालन समिती बसते. ती ताकीद देऊ शकते, सनद काही काळ थांबवू शकते किंवा नावच पटावरून काढू शकते. पण खटला हरणे म्हणजे गैरवर्तन नव्हे, आणि तक्रारदाराची पहिली अडचण इथेच होते. शिक्षा झालेल्याला वकिलाने घात केला असे वाटते. समितीला पैशाचा अपहार, खोटे बोलणे, विरोधकाशी संगनमत असे काही दाखवावे लागते.

शिस्तीच्या या यंत्रणेची सर्वांत गाजलेली परीक्षा मुंबईतच झाली. मॅजिस्ट्रेट कोर्टांच्या आवारात काही वकील येणाऱ्या पक्षकारांवर अक्षरशः तुटून पडतात, कागद हिसकावतात, एकमेकांची फी पाडतात, अशी तक्रार 1964 मध्ये उच्च न्यायालयाकडून बार कौन्सिलकडे आली. अखिल भारतीय पातळीवर हे वकील निर्दोष ठरले, तेव्हा राज्य कौन्सिल सर्वोच्च न्यायालयात गेली. राज्य कौन्सिललाही ‘बाधित’ म्हणून अपील करता येते, हे 1975 च्या दाभोळकर निकालाने ठरवले.

तालुक्याच्या कोर्टातल्या कुरबुरी याहून साध्या आणि जास्त चिवट असतात. फी घेतली पण पावती नाही, तारखेला ज्युनिअर पाठवला, येरवड्याच्या तुरुंगात भेटायला कोणी आले नाही, दोषारोपपत्रात काय आहे ते समजावले नाही, महत्त्वाच्या साक्षीदाराचा उलटतपासच घेतला नाही. वकील बदलायचा म्हटले की जुना वकील कागद अडवून ठेवी. फी थकली तरी अशिलाचे कागद अडवता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये आर. डी. सक्सेना प्रकरणात सांगितले, पण बार कौन्सिलने घातलेली 18 महिन्यांची बंदी कमी करून त्या वकिलाला केवळ ताकीद दिली.

ज्याच्याकडे फीच नाही त्याच्या तक्रारीचा इतिहास वेगळा आहे. मुंबई राज्याने 1949 मध्ये मोफत कायदेशीर मदतीच्या प्रश्नावर न्या. एन. एच. भगवती यांची समिती नेमली होती, पण ठोस रचना 1987 च्या विधी सेवा कायद्याने आली आणि तो अमलात आला 1995 मध्ये. आज तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. मोफत मिळालेला वकील ऐनवेळी नेमून तयारीला वेळच दिला नाही तर तो बचाव नव्हे, हे 2019 च्या अनोखीलाल निकालाने बजावले: जन्मठेप किंवा फाशीच्या खटल्यात तयारीला साधारण किमान सात दिवस हवेत.

ग्राहक मंचाची वाट आता बंद आहे. 2007 मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात बसवली होती. 14 मे 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती बाहेर काढली. हलगर्जीपणाचा दिवाणी दावा आणि बार कौन्सिल, हे दोन मार्ग उरले.

खटला चालू असतानाच वकिलावरचा विश्वास उडाला तर? नव्या वकिलाला वकीलपत्र देता येते, त्यासाठी जुन्याची नाहरकत किंवा कोर्टाची परवानगी लागते. पण झालेले साक्षीपुरावे त्यामुळे पुसले जात नाहीत. दिल्लीच्या उबर टॅक्सीतील बलात्काराच्या प्रकरणात आरोपीच्या नव्या वकिलाने आधीचा वकील अकुशल होता म्हणून 28 साक्षीदार पुन्हा बोलावण्याची मागणी केली. उच्च न्यायालयाने काहींना परवानगी दिली, पण सप्टेंबर 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. केवळ वकील बदलला म्हणून पीडितेला पुन्हा पिंजऱ्यात उभे करता येणार नाही, असा त्याचा अर्थ. बारामतीच्या सत्र न्यायालयात असा अर्ज आला तरी कसोटी तीच: न्याय्य निकालासाठी ती साक्ष पुन्हा घेणे खरोखर आवश्यक आहे का, हे दाखवावे लागते.