पथरकला: नळी, दस्ता आणि कळ

खराडीजवळ मुळा-मुठेचे पात्र आज बरेचदा जलपर्णीखाली झाकलेले असते. तरी दख्खनच्या नद्यांत काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांतून सुटून आलेले अकीक आणि गारगोटीचे खडे सापडतात. असा एखादा धारदार तुकडा कडक पोलादावर फटकारला की ठिणग्या उडतात. ठिणगी दगडाची नसते. दगडाच्या धारेने पोलादाचा बारीक कीस निघतो आणि तो हवेत पेटतो. अठराव्या शतकातली कवायती पलटण एवढ्याशा घटनेवर उभी होती. आजचा धागा त्या बंदुकीचा आहे. तिला चकमकीची बंदूक म्हणत. जुने हिंदुस्तानी नाव पथरकला, म्हणजे दगडाची कळ असलेली.

अमेरिकेत अशा बंदुकांचे सुटे संच आजही विकत मिळतात, आणि हौशी लोक त्या घरी जुळवतानाच्या चित्रफिती तुमच्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. अर्धवट कोरलेला लाकडी दस्ता, तयार नळी, पितळी साज आणि कळ. महिनोन्महिने कानस चालते, लाकडाला जवसाचे तेल चोळले जाते, नळीवर मुद्दाम तपकिरी गंज चढवून तो थांबवला जातो. खराडीतल्या सदनिकेत हा उद्योग करू नका. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय बंदूक बनवणे गुन्हा आहे, मग ती कितीही जुन्या धाटणीची असो. गंमत अशी, की जगभरच्या ऐतिहासिक युद्धांच्या प्रयोगांत दिसणाऱ्या कित्येक प्रतिकृती भारतातच घडतात. त्यांच्या नळीला कान पाडलेला नसतो. रंजकाची आग आतल्या दारूपर्यंत नेणारे ते बारीक छिद्र नसले, की वस्तू शोभेची राहते.

त्या चित्रफितींत एक गोष्ट लक्षात येते. हौशी माणूस दस्ता स्वतः घासतो, साज स्वतः बसवतो. कळ मात्र तो बहुधा तयार घेतो. आपल्या इतिहासाचा मुद्दाही नेमका तिथेच आहे.

नळी घडवण्यात हिंदुस्थानी लोहार कुणाला हार जाणारे नव्हते. लोखंडाच्या पट्ट्या पिळून, ठोकून त्यांनी घडवलेल्या जौहरदार नळ्या आजही संग्रहालयांत दिसतात. त्या नळ्यांना जोडलेली कळ मात्र साधी असे. तोड्याच्या बंदुकीत चाप ओढला की जळती वात धरलेला आकडा खाली येऊन प्याल्यातल्या रंजकाला टेकतो. एक तरफ, एक खीळ, एखादी नाजूक पट्टी. ही कळ गावचा लोहार दुरुस्त करू शके.

चकमकीच्या कळीत दोन गोष्टी अवघड आहेत. पहिली कमान, म्हणजे आजच्या भाषेत स्प्रिंग. घोडा जोराने आदळला पाहिजे, आणि तोही हजारो वेळा. कमानीला पाणी जास्त चढले तर ती तुटते, कमी राहिले तर वाकून मरते. दुसरी गोष्ट प्याल्यावरचे पोलादी झाकण. गारेचा आघात सोसून तेच ठिणगी देते आणि त्याच क्षणी मागे उडून रंजक उघडे करते. हे मऊ लोखंडाचे असेल तर दगड नुसता घसरतो. शिवाय गार वीस-तीस बारांनंतर बोथट होते. म्हणून शिपायाच्या पिशवीत राखीव गारा हव्यातच.

असे असता तोडा सोडायचा कशाला? एकट्या माणसाला तो सोडण्याचे फारसे कारण नव्हतेच. किल्ल्याच्या तटावरून लांब नळीची, तोड्याची बंदूक सावकाश नेम धरून झाडणारा बंदूकची मूर्ख नव्हता. पण खांद्याला खांदा लावून रांगा उभ्या केल्या, की प्रत्येकाच्या हातात जळती वात आणि प्रत्येकाच्या कमरेला दारू, हा मेळ जीवघेणा ठरतो. चकमकीने ती वात गेली, रांग दाटली, आणि मिनिटाला दोन-तीन बार शक्य झाले. ही बंदूक पलटणीची आहे. नळी आतून गुळगुळीत, रायफलीसारखे पीळदार खाचे नाहीत, आणि शंभर पावलांपुढे नेमाचा भरवसा नाही. तिची ताकद शंभर बंदुका एकदम सुटण्यात होती.

म्हणून ‘मराठ्यांची शस्त्रे जुनाट होती’ हे सरसकट विधान मला पटत नाही. महादजी शिंद्यांनी १७८४ मध्ये द बॉयनला कवायती पलटणी उभारायला सांगितले, तेव्हा त्यांना खरी गरज कारखान्याची होती. तो आग्र्यात उभा राहिला. तो चालवणारा सँगस्टर हा स्कॉटिश माणूस पूर्वी गोहदच्या राण्याच्या नोकरीत होता. तिथे तोफा ओतल्या जात आणि चकमकीच्या बंदुकाही तयार होत. एका बंदुकीला सुमारे दहा रुपये लागत, असे इंग्रज लेखकांनी नोंदवले आहे. १७९० च्या पाटण आणि मेडत्याच्या लढायांत याच पलटणी जिंकल्या. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला वेलस्लीची पंधराशेहून अधिक माणसे मेली किंवा जखमी झाली. त्यातला मोठा वाटा मराठी तोफांचा होता, आणि जिंकल्यावर त्याच तोफांची त्याने वाखाणणी केली.

इंग्रजांची पद्धत तरी काय निराळी होती? ब्रिटिश सरकार नळ्या आणि कळी बर्मिंगहॅमच्या कंत्राटदारांकडून घेई, तपासून साठवी आणि नंतर जुळणी करवून घेई. एका अर्थी त्यांची बंदूकही सुट्या संचातूनच उभी राहत होती. कंपनीने आपल्या फौजेसाठी ३९ इंची नळीचा सोपा, स्वस्त नमुना ठरवला होता. फ्रान्सशी युद्ध पेटल्यावर ब्रिटिश सरकारने कंपनीच्या बंदुका उचलल्या आणि १७९७ च्या सुमारास तोच नमुना स्वतः स्वीकारला. फरक कारागिराच्या हातात नव्हता. त्यांच्याकडे एक गुदाम रिकामे झाले तर दुसरे भरलेले असे.

शिंद्यांकडे आग्रा होते. ऑक्टोबर १८०३ मध्ये लेकने आग्र्याचा किल्ला घेतला. महादजी नऊ वर्षांपूर्वीच पुण्यात वानवडीला वारले होते, द बॉयन युरोपात परतला होता, पेराँने युद्ध ऐन भरात असताना नोकरी सोडली होती. डिसेंबरमध्ये सुर्जी-अंजनगावच्या तहाने, इंग्रजांशी युद्ध चालू असलेल्या देशांचे लोक नोकरीस ठेवण्यावरही बंधन आले. नळ्या घडवणारे हात गेले नाहीत. ज्या व्यवस्थेत कळी शेकड्यांनी होत होत्या ती गेली.

पुण्यात याचा शेवट फार कडू झाला. दुसऱ्या बाजीरावाच्या खजिन्यातून पगार घेणारी एक कवायती ब्रिगेड दापोडीला होती. तिचा प्रमुख इंग्रज अधिकारी फोर्ड. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला लढाई जुंपली, तेव्हा ती ब्रिगेड इंग्रजांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. पेशव्यांकडून द पिंटोची पलटण चालून गेली, बापू गोखल्यांनी घोडदळ घातले. मोर दीक्षित मराठे फोर्डचे स्नेही होते. ते त्या दिवशी पडले, आणि त्यांच्या समोरच्या रांगेत फोर्डचीच माणसे होती.

पुढच्या वेळी केळकर संग्रहालयात किंवा कुठल्याही जुन्या शस्त्रसंग्रहात गेलात, तर बंदुकीच्या नळीवरची नक्षी नंतर पाहा. आधी उजव्या बाजूला, कानाशी वाका. लाकडाच्या खाचेतून वर आलेला नुसता आकडा दिसला तर ती तोड्याची. स्क्रूने बसवलेली लोखंडी पाटी, घोड्याच्या जबड्यात गारेची जागा आणि समोर उभे झाकण असेल, तर ती पथरकला. झाकणाच्या आतल्या बाजूला उभे ओरखडे आहेत का तेही पाहा. असतील तर त्या बंदुकीची गार कधीकाळी खरोखर पेटली आहे.