उभ्या जीपचा इतिहास

आपल्या इतिहासात घोड्यांची सोय उत्तम आहे. राणा प्रतापांचा चेतक चौथीतल्या पोरालाही ठाऊक असतो. हत्तींचीही हरकत नाही. पानिपतापासून दसऱ्याच्या मिरवणुकीपर्यंत ते डोलत येतात. पण स्वतंत्र भारताचं सरकार ज्या वाहनात बसून पहिल्यांदा खेड्यात पोचलं, त्या जीपबद्दल पाठ्यपुस्तकात ओळ सापडायची नाही. मी यवतमाळात तीस वर्षं इतिहास शिकवला. पहिल्या पंचवार्षिक योजनेची उद्दिष्टं पोरांकडून घोकून घेतली. ती उद्दिष्टं काळ्या मातीतून वाट काढत गावात नेली कोणी, हा प्रश्न कुठल्याही परीक्षेत कधी आला नाही.

आणि हे सारं घडत असताना आमच्याच अंगणात, कडुनिंबाखाली, त्या इतिहासाचं एक अस्सल साधन उभं होतं. उभं म्हणजे अगदी उभंच. १९९३ साली ते जे थांबलं, ते पुढे हललं नाही. आमच्या वडिलांनी १९७९ साली सरकारी लिलावात घेतलेली ती विलिस जीप. १९६२ सालची. वडील गेले, निंब वाढला, जीप खचली. मागच्या सीटखाली कोंबड्यांच्या तीन पिढ्या नांदल्या. बॉनेटवर दर मे महिन्यात पापड वाळत. यवतमाळच्या उन्हात तापलेल्या त्या पत्र्यावर पापड वाळायला वेळ लागत नसे; त्यामुळे "गाडी अगदीच काही निकामी नाही," असं सौभाग्यवतींचं प्रामाणिक मत होतं.

भंगारवाल्याचं मत वेगळं होतं. तो दरवर्षी यायचा, टायरला लाथ मारायचा आणि किलोचा भाव सांगायचा. जीप हजार किलोच्या आसपास भरते. वडिलांच्या आठवणींचं असं वजन करून घेणं मला जमत नव्हतं, आणि गाडी दुरुस्त करणंही जमत नव्हतं. या दोन न जमण्यांच्या मधे ती तीस वर्षं उभी राहिली.

मग लेक पुण्याहून आली. नोकरी सोडून आली. "तीन महिने घरी आहे, पुढचं मग बघू," एवढंच म्हणाली. आम्ही बापलेक तोवर फोनवर बोलत होतो. "जेवलीस का?" "हो. तुम्ही?" "झालं." अशी आमची आठ वर्षांची चर्चा एका पोस्टकार्डावर मावली असती. नोकरी का सोडली, हे विचारायची माझी छाती होत नव्हती. तिलाही सांगायची घाई दिसत नव्हती. चौथ्या दिवशी ती अंगणात गेली, बॉनेटवरचे पापड बाजूला केले आणि आत डोकावून म्हणाली, "बाबा, पाने आहेत का घरात?"

मी खाऊची पानं आणून दिली. तिला नटबोल्टचे पाने हवे होते.

आता या जीपचं कूळ थोडं सांगायला हवं, कारण आम्हालाही ते पान्यामुळेच कळलं. लेकीने बाजारातून नव्या पान्यांचा चकचकीत संच आणला. त्यातला एकही बोल्टला नीट बसेना. चौदाचा आत जाईना, पंधराचा सटकावा. शेवटी गल्लीच्या टोकाला राहणारे म्हातारे मिस्त्री आले. बोल्टवरून अंगठा फिरवून म्हणाले, "मास्तर, हे मिलिमीटरनं नाई खुलत. अमेरिकेचं पोट्टं हाय. इंचात बोला लागते याच्याशी. नऊ-सोळाचा पाना आना."

खरं होतं. भारताने मेट्रिक माप स्वीकारलं ते १९५६ च्या कायद्याने. जीपने ते मनावर घेतलं नव्हतं.

तिचा जन्म घाईतला. १९४० च्या जुलैत, युरोपात हिटलर मोकाट सुटलेला असताना, अमेरिकन लष्कराने १३५ कारखान्यांना पत्रं पाठवली: हलकी, चारही चाकांनी ओढणारी गाडी हवी आणि नमुना ४९ दिवसांत हवा. आपल्याकडे ४९ दिवसांत पत्राची पोचही येत नाही. लष्कराच्या त्या अटींना प्रतिसाद दिला तो फक्त दोघांनी. त्यांतल्या अमेरिकन बँटम या डबघाईला आलेल्या कारखान्याने कार्ल प्रोब्स्ट नावाचा इंजिनिअर पकडून आणला. त्याने दोन-तीन दिवसांत मूळ आराखडा कागदावर उतरवला, आणि २३ सप्टेंबरला, मुदत संपायला अर्धा तास असताना, गाडी लष्कराच्या दारात उभी केली. पुढे जे झालं ते कुठल्याही वऱ्हाडी शेतकऱ्याला समजावून सांगावं लागणार नाही. पेरलं एकाने, कापलं दुसऱ्याने. लष्कराला माल हजारोंनी हवा होता आणि बँटमचा जीव लहान. मोठं काम गेलं विलिस आणि फोर्डकडे. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांवर जीपा काढल्या. बँटम कंपनी ट्रेलर बनवत राहिली.

'जीप' हे नाव कुठून आलं, यावर विद्वानांचं एकमत नाही. कोणी म्हणतं 'जी. पी.' या अक्षरांवरून. कोणी म्हणतं पॉपायच्या चित्रकथेत १९३६ साली अवतरलेल्या, कुठेही शिरू शकणाऱ्या 'यूजीन द जीप' या अजब प्राण्यावरून. आमच्या कोंबड्यांचा अनुभव पाहता मी प्राण्याच्या बाजूचा आहे.

भारतात तिचं स्वागत मात्र खमंग झालं. १९४८ साली काश्मीरच्या लढाईसाठी लंडनमधले आपले हायकमिशनर व्ही. के. कृष्ण मेनन यांनी ऐंशी लाखांचा जीप खरेदीचा करार केला. हातात पडल्या १५५ जीपा, आणि त्याही धड नाहीत, अशी ओरड झाली. स्वतंत्र भारताचा पहिला गाजलेला घोटाळा हा असा चारचाकी निघाला. १९५५ साली सरकारने प्रकरण मिटल्याचं जाहीर केलं. १९५६ साली मेनन मंत्री झाले. पुढे या देशात घोटाळे पुष्कळ झाले, पण रस्ता पाडून दिला तो जीपनेच. खडतर रस्ता पाडणं हे तिचं कामच आहे.

दुसरीकडे, १९४५ साली महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी पोलादाच्या व्यापारासाठी 'महिंद्र अँड मोहम्मद' ही कंपनी काढली होती. फाळणी झाली. मोहम्मदसाहेब पाकिस्तानात जाऊन तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही. १९४८ मध्ये इकडे 'महिंद्र अँड महिंद्र' असं नाव झालं. 'एम अँड एम' छापलेली जुनी स्टेशनरी वाया जाऊ नये म्हणून ते नाव बेतलं, असं सांगतात. मला ही कथा पटते. मोठी घरं पाकिटं जपूनच मोठी होतात. या कंपनीने १९४९ साली मुंबईत माझगावला सुट्या भागांतून विलिस जीपा जुळवायला घेतल्या.

आणि मग ती आमच्या मुलखात आली. यवतमाळची जमीन म्हणजे कापसाची काळी. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की गुराचा पाय अडकावा. आणि मृगाचे दोन सडाके पडले की तीच जमीन चपलेसकट माणूस धरून ठेवते. उमरखेड, घाटंजी, झरीकडची कित्येक गावं पावसाळ्यात बेटं होऊन बसत. मोटार तिथे जात नसे. बैलबंडी जाई, पण साहेब बैलबंडीत बसत नसत. या पेचावर जीप हाच तोडगा होता. १९५२ च्या २ ऑक्टोबरला समुदाय विकास योजना सुरू झाली आणि विकास खात्याची जीप ही गावच्या पोरांची सर्कस झाली. जीप आली की निम्मी पोरं मागे धावत आणि उरलेली निम्मी घरात लपत, कारण देवीची लस टोचणारेही त्याच जीपमधून उतरत.

सरकारंही या काळात काही कमी बदलली नाहीत. १९४७ मध्ये यवतमाळात येऊन नुसती उभी राहिलेली जीपसुद्धा मध्य प्रांत-वऱ्हाड, मग मध्य प्रदेश, १९५६ पासून मुंबई राज्य आणि १९६० पासून महाराष्ट्र अशी चार राज्यं फिरून आली असती. पेट्रोलचा थेंब न जाळता.

तर पुन्हा अंगणात. इंजिन जाम होतं. मिस्त्रींनी प्लग काढून चारही भोकांत डिझेल ओतलं आणि म्हणाले, "मेलं नाई, निजलं हाय. आठ दिवस हात नका लावू." त्या आठ दिवसांत ब्रेकचे रबर बदलले, काँटॅक्ट पॉइंट काचकागदाने घासले, रेडिएटर सोडवला. रेडिएटर गळू लागला तेव्हा मिस्त्रींनी हळद मागितली. घरातून प्रश्न आला, "भाजी किती जणांची?" हळद रेडिएटरमध्ये गेली, गळती खरोखर थांबली, आणि गाडीला दोन दिवस वरणाचा वास येत होता.

ड्रायव्हरच्या सीटखाली पेट्रोलची टाकी असते, हे मला त्याच वेळी कळलं. वडील चौदा वर्षं पेट्रोलवर बसून विडी ओढत होते. त्या पिढीचा देवावर विश्वास होता तो उगाच नव्हे.

आणि टाकी काढताना, तिच्यामागे, चिंधीत गुंडाळलेलं लॉगबुक सापडलं. सरकारी वेळचं. अर्धं उंदरांनी वाचून संपवलेलं. उरलेलं आमच्या वाट्याला. तारीख, कुठून, कुठे, मैल, प्रयोजन, सही. मी चौरंगावर बसून मोठ्याने वाचायचो, लेक गाडीखालून ऐकायची. १९६३: "हिवताप फवारणी." पुढच्या काही पानांवर मैलांचे किलोमीटर झालेले. १९६७: "निवडणूक मतपेट्या," त्या दिवशी एकशे चाळीस किलोमीटर. एका रविवारी "कळंब, तपासणी". कळंबला चिंतामणीचं देऊळ आहे. साहेबांनी नेमकं काय तपासलं ते श्रींना ठाऊक. आणि मग १९७२-७३. पानंच्या पानं एकच शब्द: "दुष्काळी काम." दिवसाला तीन-तीन खेपा. गावांची नावं बदलतात, प्रयोजन बदलत नाही. एका ठिकाणी ड्रायव्हरने प्रयोजनाच्या रकान्यात "पाणी" एवढंच लिहिलंय, आणि खाली साहेबांची सही.

मी पुढे वाचलं नाही. गाडीखालून थोड्या वेळाने आवाज आला, "बाबा, मी जे काम करत होते ना, त्याचा कोणाला काय उपयोग ते मला चार वर्षांत कळलं नाही." मी म्हटलं, "नऊ-सोळा देऊ का?" ती म्हणाली, "द्या." त्या दिवशी आमचं बोलणं चांगलं दोन तास चाललं. समोरासमोर बसून जे बोलता येत नाही ते, एकाचं डोकं गाडीखाली असलं की बोलता येतं. कुटुंबसंस्थेसाठी जीपची उंची फार विचारपूर्वक ठेवलेली आहे.

नवव्या दिवशी हँडल फिरलं. अकराव्या दिवशी इंजिनाने एक खोकला दिला, निंबावरचे कावळे उडाले, आणि सायलेन्सरमधून मुंग्यांचं अख्खं वारूळ बाहेर आलं. मग ते चालू झालं. मिस्त्री डोळे मिटून ऐकत होते. "चारही बोलून रायले," म्हणाले. यवतमाळकरांना जुन्या यंत्राचा आवाज कळतो. आमच्या शकुंतला रेल्वेचं मँचेस्टरला घडवलेलं वाफेचं इंजिन १९२३ पासून १९९४ पर्यंत धावलं. आता ती गाडीही बंद आहे, पण कान तेच आहेत.

कागदपत्रांचा प्रश्न उरला होता. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'विंटेज' म्हणून वेगळा 'व्हीए' नंबर मिळतो. पहिल्या नोंदणीचे वीस हजार रुपये. मात्र अशी गाडी रोज वापरायची नाही. प्रदर्शनाला न्यायची, रॅलीत फिरवायची, पेट्रोल भरायला काढायची. म्हणजे आहेराच्या पैठणीसारखं. लेक म्हणाली, "जिने दुष्काळात पाणी वाहिलं तिला प्रदर्शनात उभी करायची? उभी तर ती होतीच की." म्हणून आम्ही साध्या फेरनोंदणीच्या रांगेत उभे राहिलो. ती रांग सावकाश सरकते आहे. तोवर गाडी अंगणात आणि मागच्या वावराच्या धुऱ्यापर्यंत फिरते.

तिच्या माहेरी मात्र फार उलथापालथ झाली. विलिस कंपनी १९५३ मध्ये कैसरने घेतली, १९७० मध्ये जीपचा धंदा अमेरिकन मोटर्सकडे गेला, १९८७ मध्ये क्रायस्लरकडे, आणि आता तो स्टेलान्टिसच्या घरात आहे. आमच्या मॉडेलचं अमेरिकेतलं उत्पादन १९६८ लाच थांबलं. आपल्याकडे त्याची भावंडं पुढे कित्येक वर्षं निघत राहिली. २०१८ मध्ये महिंद्रने 'रॉक्सॉर' नावाची गाडी अमेरिकेत नेली, तेव्हा तिचा चेहरा आमच्या जीपसारखा दिसतो म्हणून माहेरच्यांनी दावा लावला. मिस्त्रींना हे वाचून दाखवलं तर म्हणाले, "धुऱ्याचं भांडन हाय, मास्तर. सगळीकडे सारकंच."

लेकीचे तीन महिने केव्हाच उलटले. मिस्त्रींच्या शेडमध्ये दुपारी ती आता ट्रॅक्टर उघडते; पुढचं मग बघू, असं अजूनही म्हणते. परवा मृगाचा पहिला पाऊस झाला. आम्ही वावरात गेलो तेव्हा काळी माती चाकांना धरत होती. तिने लहान दांडका ओढून पुढची चाकं जोडली, आणि जीप म्हशीसारखी सावकाश, निश्चयाने चिखलातून वर आली.

घरी आल्यावर तिने लॉगबुक मागितलं. शेवटच्या नोंदीखाली तारीख घातली. अंतर, दीड किलोमीटर. ड्रायव्हर, स्वतःचं नाव. प्रयोजनाच्या रकान्यात लिहिलं, "बाबांना वावर दाखवणे." सहीसाठी वही माझ्यापुढे केली. मी चष्मा लावला, नोंद तपासली आणि साहेबांच्या सहीच्या रकान्यात सही केली.