झिरोची उलटतपासणी

शत्रूचं विमान हाती लागलं की करायचं काय? याचं पहिलं उत्तर होतं नक्कल. 18 एप्रिल 1915 रोजी फ्रेंच वैमानिक रोलाँ गारोस जर्मनांच्या हाती सापडला, तेव्हा त्याच्या विमानाच्या पंख्याच्या पात्यांवर गोळ्या परतवणारे पोलादी तुकडे बसवलेले होते. तीनेक महिन्यांत जर्मनांच्या फोकर विमानांवर फिरत्या पात्यांमधून गोळी सोडणारी यंत्रणा आली आणि पकडलेल्या विमानातून नवं शस्त्र जन्मतं, हा समज रुजला. वास्तविक फ्रान्झ श्नायडर या अभियंत्यानं तशा यंत्रणेचं पेटंट 1913 मध्येच घेतलं होतं.

हाच समज दुसऱ्या महायुद्धात झिरो या जपानी लढाऊ विमानाला चिकटला. 4 जून 1942 रोजी अल्यूशन बेटांपैकी अकुतानवर एक झिरो दलदलीत उतरताना उलटलं आणि आतला वैमानिक कोगा मेला. अमेरिकनांना ते जुलैत दिसलं. सॅन दिएगोत दुरुस्त होऊन सप्टेंबरात उडालं. त्यावरूनच हेलकॅट हे अमेरिकन लढाऊ विमान घडलं, असं अजूनही सांगतात. पण हेलकॅटचा नमुना 26 जूनला आकाशात गेला, तेव्हा झिरो चिखलात पालथंच होतं!

मग मिळालं काय? शत्रूच्या उणिवांचं मोजमाप. 200 नॉटच्या पुढे झिरोचे एलरॉन (विमान कलवणारे पंखांवरचे फलक) जड होत, उजवीकडची गिरकी डावीकडच्यापेक्षा मंद पडे आणि नाक झटक्यात खाली दाबलं की कार्ब्युरेटरमुळे इंजिन अडखळे. म्हणजे झिरो पाठीशी लागलं तर सूर मारायचा, वेग वाढवायचा नि उजवीकडे वळायचं. यावर कुणी म्हणेल, झिरोशी वळणाच्या खेळात पडू नये हे वैमानिकांना ठाऊक होतंच. थॅच या अमेरिकन नौदल वैमानिकानं दोन विमानांनी एकमेकांना राखण्याचा आपला डाव तर 1941 मध्येच आखला होता. खरं आहे. पण त्या डावाला जोडीदार लागतो, शिवाय लढाईतलं ज्ञान वाचलेल्यांच्याच तोंडून येतं. जे पडले त्यांची साक्ष कोण नोंदवणार? दुसरा आक्षेप अधिक वजनदार: ठिगळं लावलेल्या एका विमानावरून सगळ्या झिरोंबद्दल कसं बोलावं? त्याच्या कमाल वेगाचे आकडे जपूनच घ्यावेत, हे मान्य. मात्र कार्ब्युरेटरचा दोष दुरुस्तीतून आलेला नव्हता, तो मूळ रचनेतच होता.

हे झिरो पुढे अमेरिकन वैमानिकांच्या सरावासाठी वापरात राहिलं. फेब्रुवारी 1945 मध्ये सॅन दिएगोतच, ते उड्डाणासाठी जमिनीवरून सरकत असताना, हेलडायव्हर जातीचं एक बॉम्बफेकी विमान त्याच्यावर चढलं आणि पंख्यानं त्याचे तुकडे केले.