गच्चीवरच्या मळ्याचे मूळ कोल्हापुरात

शहर आणि शेती ही दोन वेगळी विश्वे आहेत, अशी एक समजूत आपल्या मनात घट्ट बसलेली आहे. शेती खेड्यात व्हायची आणि शहराने ती विकत घ्यायची, ही विभागणी आपण निसर्गनियमासारखी मानतो. वस्तुतः ही समजूत फार जुनी नाही, आणि कोल्हापुरात तर ती कधी पुरती रुजलीही नाही. आजही गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर धार काढली जाते. दिवाळीच्या पाडव्याला गवळी मंडळी शिंगे रंगवलेल्या, सजवलेल्या म्हशी भर रस्त्यातून मिरवतात आणि सारे शहर ते कौतुक पाहायला लोटते. १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसली ती प्रामुख्याने गुळाच्या व्यापारासाठी. येथील कितीतरी कुटुंबांचा एक पाय गावच्या बांधावर आणि दुसरा शहरातील भाड्याच्या खोलीत असतो. अशा या शहरातून एक विचार निघाला, मुंबईच्या गच्च्यांपर्यंत पोहोचला, तेथे स्वयंसेवकांच्या हातांनी फुलला, आणि त्याच्या जन्मगावाला मात्र त्याची फारशी आठवण उरली नाही. त्या विचाराची हकिकत वाचकांपुढे मांडावी, असे आम्हांस वाटते.

प्रथम थोडे जगाकडे पाहू. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठवासीयांसाठी जी नियमावली घालून दिली, तिच्यात प्रार्थना आणि पठण यांच्या जोडीने हातांनी करावयाच्या श्रमांनाही दिवसाचे ठरावीक तास नेमून दिलेले आहेत. त्यामुळे मठ म्हटला की त्याला लागून भाजीचा मळा आणि औषधी वनस्पतींचे वाफे आलेच. पुढे औद्योगिक क्रांतीनंतर युरोपातील शहरे दाटली. कामगारांना चार वाफे कसता यावेत म्हणून तेथील नगरपालिका व संस्था जमिनीचे लहान लहान तुकडे भाड्याने देऊ लागल्या. दोन महायुद्धांच्या काळात बागा आणि मैदानेही भाजीपाल्याखाली आली. आपल्याकडे १९४३ च्या सुमारास ‘अधिक धान्य पिकवा’ ही मोहीम निघाली, तिच्यामागेही ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद झाल्याची आणि बंगालच्या दुष्काळाची छाया होती. १९७२ साली महाराष्ट्र दुष्काळाने होरपळत असताना लंडनच्या केंटिश टाऊन भागात एका पडीक जागेवर वस्तीतील लोकांनी चालवलेली ‘सिटी फार्म’ उभी राहिली. शहरातील मुलांना गाय, शेळी, कोंबडी आणि वाफा प्रत्यक्ष पाहता यावा, हा तिचा हेतू. १९९१ नंतर सोव्हिएत संघाची मदत आटली, तेव्हा क्यूबाच्या हवाना शहराने मोकळ्या जागांवर भाजीपाला पिकवून आपली चूल पेटती ठेवली. संकट आले की शहराला मातीची आठवण होते, आणि संकट सरले की बहुधा तिचा विसर पडतो, असे हा इतिहास सांगतो.

आता कोल्हापूरकडे येऊ. श्रीपाद अच्युत दाभोळकर हे मूळचे गणिताचे अध्यापक. डॉ. जे. पी. नाईक यांनी १९५२ साली गारगोटीला जे मौनी विद्यापीठ स्थापन केले, त्या ग्रामीण शिक्षणाच्या प्रयोगाशी त्यांचा संबंध आला. पुढे कोल्हापूर ही त्यांची कर्मभूमी झाली. शेतकऱ्याला सल्ला देणारे पुष्कळ आणि त्याच्याकडून शिकणारे थोडे, हे त्यांच्या ध्यानात आले होते. म्हणून त्यांनी ‘प्रयोग परिवार’ या नावाने एक नवीच रीत सुरू केली. ज्याने आपल्या शेतात काही करून पाहिले त्याने ते इतरांना सांगावे, इतरांनी ते आपल्या शेतात तपासावे, आणि फळ काय आले ते पुन्हा सर्वांना कळवावे. पत्रे, बैठका आणि शिवारफेऱ्या ही त्यांची साधने. या परिवारात कोणी गुरू नव्हता आणि कोणी कायमचा शिष्यही नव्हता. तासगाव परिसरातील द्राक्षबागायतदारांनी ही रीत उचलली. वेलीवर किती पाने ठेवावीत, एका घडाला किती पानांचा आधार लागतो, छाटणी कधी करावी, हे ते स्वतः मोजू लागले. महाराष्ट्रातील द्राक्षशेतीची जी भरभराट पुढे झाली, तिच्या इतिहासात या अभ्यासमंडळांचा वाटा मोठा आहे.

दाभोळकर सरांची दृष्टी अखेरपर्यंत गणितज्ञाची राहिली. शेतीचे खरे भांडवल जमिनीचा सातबारा नसून ऊन आहे, असे त्यांच्या मांडणीचे सार सांगता येईल. पान हा उन्हाचा पैसा साठवणारा कारखाना. एका चौरस फुटावर किती पान उभे आहे, त्यावर किती तास ऊन पडते, त्यातून किती सुका भार तयार होतो, याचा हिशेब मांडला की एकरांची भाषा मागे पडते. नीट नियोजन केले तर १० गुंठे म्हणजे पाव एकर जमीन आणि दिवसाला सुमारे १,००० लिटर पाणी एवढ्यात पाच माणसांचे कुटुंब सन्मानाने जगू शकते, हा त्यांचा सिद्धांत. त्यांच्या मराठी ग्रंथाचे नाव ‘विपुलाच सृष्टी’. १९९८ मध्ये त्यांचा विचार इंग्रजी ग्रंथरूपानेही प्रसिद्ध झाला. २००१ साली ते निवर्तले.

जमिनीची मालकी हा मुद्दा एकदा बाजूला सरला की पुढची पायरी आपोआप समोर येते. भांडवल जर ऊन असेल, तर ते शहराच्या गच्चीवरही पडते. आणि शहरातील सर्वांत मोठे पडीक रान म्हणजे आपल्या इमारतींची छपरे. परंतु गच्चीवर माती टाकायची म्हटले की ओझ्याचा प्रश्न उभा राहतो. एक घनफूट ओल्या मातीचे वजन पन्नास किलोच्या घरात जाते. साऱ्या गच्चीवर फूटभर थर दिला तर कोणत्याही सामान्य स्लॅबला ते झेपायचे नाही. शिवाय मुळे आणि ओल यांमुळे छत गळण्याची भीती असतेच. मुंबईत वांद्रे येथे डॉ. रमेश दोशी यांनी आपल्या गच्चीवर यावर जो तोडगा काढला, तो उसाच्या प्रदेशातील माणसाला चटकन पटावा असा आहे. रसवंतिगृहात उरणारी उसाची चिपाडे त्यांनी वापरली. पिशव्या, पिंपे आणि टोपल्यांत चिपाडे भरायची, वर थोडे खत आणि अगदी अल्प माती घालायची. चिपाडे हलकी असतात, पाणी धरून ठेवतात आणि कुजत कुजत स्वतःच खत होतात.

२००२ मध्ये मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात खानपान अधिकारी असलेल्या प्रीती पाटील यांच्यापुढे वेगळाच प्रश्न होता. कामगारांसाठी रोज एवढा स्वयंपाक होतो, तर देठ, साली आणि खरकटे यांचे करायचे काय? दोशींच्या रीतीचा आधार घेऊन त्यांनी सहकाऱ्यांच्या मदतीने तो कचरा स्वयंपाकघराच्याच सुमारे ३,००० चौरस फुटांच्या गच्चीवर नेला, तो कुजवला आणि त्यावर बाग उभी केली. पालेभाज्यांपासून पेरू-चिकूच्या झाडांपर्यंत कितीतरी वनस्पती त्या सिमेंटच्या छतावर वाढल्या. खाली शिजायचे, उरलेले वर जायचे, आणि वर पिकलेले पुन्हा खाली यायचे, असे एक लहानसे चक्र तेथे फिरू लागले.

पुढे त्यांना दाभोळकरांचे अनुयायी दीपक सचदे यांची ‘अमृतमाती’ची पद्धत गवसली, आणि कोल्हापूरचा धागा मुंबईला थेट येऊन मिळाला. ही पद्धत कोणत्याही घराला करता येण्याजोगी आहे. १० लिटर पाण्यात १ किलो ताजे शेण, १ लिटर गोमूत्र आणि ५० ग्रॅम काळा गूळ घालून ते तीन दिवस मुरवायचे, अधूनमधून ढवळायचे, आणि मग दसपट पाण्यात मिसळायचे. हे ‘अमृतजल’. त्यात वाळलेला पालापाचोळा भिजवून थरावर थर रचायचे. त्या ढिगावर नाना प्रकारचे बी पेरायचे आणि उगवलेली रोपे ठरावीक दिवसांनी कापून पुन्हा त्याच ढिगात मुरवायची. सुमारे पाच महिन्यांत त्या पाचोळ्याची हलकी, काळी, सुगंधी माती होते. गुळाच्या पेठेत राहणाऱ्या आपल्यासारख्यांना यातील एकही वस्तू परकी नाही.

या अनुभवातून ‘अर्बन लीव्ह्ज’ ही स्वयंसेवकांची चळवळ उभी राहिली. येथे मळा कोणा एकाच्या मालकीचा नसे. सुट्टीच्या दिवशी ठरल्या वेळी माणसे जमत: कोणी अभियंता, कोणी गृहिणी, कोणी निवृत्त कारकून, कोणी शाळकरी मूल. पाचोळा गोळा करणे, ढीग उलटणे, रोपे लावणे, पाणी घालणे ही कामे वाटून घेतली जात. जे पिकेल ते आलेल्यांत वाटले जाई. माटुंग्याच्या डॉन बॉस्को शाळेच्या गच्चीवरही असा सामुदायिक मळा फुलला. आपल्या वाचकांना या नोंदीचे विशेष महत्त्व वाटावे. आपल्या धर्मग्रामांपाशी आणि संस्थांपाशी आणखी काही नसले तरी शाळांची लांबरुंद छपरे, झाडांनी वेढलेली आवारे आणि दर रविवारी हमखास एकत्र येणारी माणसे आहेत. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीला आपले सामाईक घर म्हटले. त्या घराची झाडलोट स्वतःच्या अंगणापासून सुरू करायला कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही.

येथे एक शंका प्रामाणिकपणे विचारली पाहिजे. अशा मळ्यांनी शहराचे पोट भरते काय? हिशेब करून पाहू. माणशी रोज ३०० ग्रॅम भाजी धरली तर पाच जणांच्या घराला वर्षाला साडेपाचशे किलो भाजी लागते. आठवड्यातून एकदा जमणाऱ्या हौशी हातांच्या गच्चीवरून अशी फार घरे चालणार नाहीत, आणि तांदूळ, ज्वारी, डाळ यांसाठी शहर शेतकऱ्यावरच अवलंबून राहणार. गच्चीवर मेथीची जुडी उगवली म्हणून शेतकऱ्याचे कष्ट आपण वाटून घेतले, असे समजणे हा भ्रम होय. उलट, आपल्या वाफ्यातील टोमॅटोवर कीड पडली आणि दोन महिन्यांची मेहनत चार दिवसांत गेली म्हणजे मंडईत घासाघीस करणारी आपली जीभ थोडी आवरते. आमच्या मते या मळ्यांचे सर्वांत मोठे पीक हेच आहे. दुसरे पीक म्हणजे कचऱ्याविषयी येणारी शुद्ध. ज्या घरातील देठ-साली कुंडीत जिरतात, त्या घराला गावाबाहेर साठणारा कचऱ्याचा डोंगर परक्याचा वाटत नाही.

आणि तिसरी गोष्ट महापुराची. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेने पात्र सोडले आणि शिरोलीजवळ राष्ट्रीय महामार्ग पाण्याखाली गेला. कित्येक दिवस शहराचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटला. दूध आणि भाजीपाला दुर्मीळ झाला. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तीच वेळ आली. चारी बाजूंनी सुपीक शिवार असलेल्या शहरालाही दोन दिवसांत रिकामी मंडई पाहावी लागते, हे तेव्हा सर्वांनी अनुभवले. गच्चीवरचा मळा महापूर थांबवू शकत नाही. पण शेजाऱ्यांना एकमेकांची नावे ठाऊक असणे, पाणी चढले की कोणाच्या घरी म्हातारे माणूस एकटे आहे हे माहीत असणे, याचे मोल अशा वेळी कळते. दर आठवड्याला एकत्र खुरपे धरणाऱ्यांना ही ओळख वेगळी करून घ्यावी लागत नाही.

स्वयंसेवेवर चालणाऱ्या कामाची एक दुर्बळ बाजूही इतिहासात दिसते. लंडन असो वा मुंबई, उद्‌घाटनाला गर्दी होते आणि उन्हाळ्यात पाणी घालायला हात उरत नाहीत. युद्धकाळातील कित्येक मळे शांतता होताच पुन्हा गवताखाली गेले. दाभोळकर सरांच्या रीतीत यावर उपाय आहे, असे आम्हांस वाटते. त्यांनी माणसे उत्साहावर बांधली नाहीत, जिज्ञासेवर बांधली. ज्याला आपल्या वेलीची पाने मोजायची असतात तो उद्या पुन्हा येतो, कारण कालपेक्षा आज काय बदलले हे त्याला पाहायचे असते. मुलांच्या हाती वही द्यावी, किती पाणी घातले, कोणते बी कितव्या दिवशी उगवले, किती भाजी निघाली हे त्यांनी लिहावे, आणि एका शाळेची वही दुसऱ्या शाळेने वाचावी. प्रयोग परिवार म्हणजे दुसरे काय होते?

कोल्हापुरात या गणिताच्या मास्तरांचे एखादे स्मारक उभारावे, अशी सूचना कोणी केली तर आमचा तिला विरोध नाही. मात्र आपल्या एखाद्या शाळेच्या गच्चीवर हे काम करावयाचे झाल्यास आरंभ कोठून करावा, तेवढे सांगून हा लेख पुरा करू. प्रथम जाणत्या अभियंत्याकडून छप्पर तपासून घ्यावे. गणेशोत्सव संपला की पाचोळ्याचा पहिला ढीग लावावा, म्हणजे माघाच्या थंडीत माती तयार होते. आणि बी आणण्यापूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत पाणी घालणाऱ्यांच्या पाळ्यांची यादी नावानिशी लिहून भिंतीवर लावावी. ती यादी भरली, तरच बी आणावे.