'आश्रम'मधले श्रम

'आश्रम' हा शब्द आपण इतक्या सहजपणे उच्चारतो, की त्याच्या पोटात 'श्रम' आहेत हे लक्षातच येत नाही. एकांतात साधना करणाऱ्याच्या निवासाला इतर भाषांत काय म्हणतात, हे पाहू लागलो, तेव्हा मला या शब्दाचे वेगळेपण जाणवले.

इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकांत इजिप्तमधले अनेक ख्रिस्ती साधक वस्ती सोडून वाळवंटात गेले. संत अँथनी हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. ओसाड जागेला ग्रीकमध्ये 'एरेमोस' म्हणतात. तिथे राहणारा तो 'एरेमितेस'. हाच शब्द लॅटिन, फ्रेंच अशी मजल मारत इंग्रजीत 'हर्मिट' झाला आणि त्याचे घर 'हर्मिटेज'. वाळवंटाचा लॅटिन शब्द 'देसेर्तुम' आयर्लंडला पोहोचला. त्या हिरव्यागार, पावसाळी बेटावर वाळवंट कुठले? तरी तिथल्या एकांतवासाचे नाव तेच पडले. काही गावांच्या नावांत ते आजही आहे. रशियातले साधक जंगलात राहिले, पण त्यांच्या निवासाचे नाव 'पुस्तिन', म्हणजे पुन्हा ओसाड जागाच!

आपल्याकडचे ऋषीही अरण्यात गेले. पण शब्द घडला तो जागेवरून नव्हे, 'श्रम्' या धातूवरून. बौद्ध आणि जैन भिक्षूंचे 'श्रमण' हे नावही त्याच धातूचे. इजिप्तमधले साधकही चटया विणून पोट भरत. त्यांच्या भाषेने मात्र जागा लक्षात ठेवली, आपल्या भाषेने कष्ट.

हा अर्थ पुढेही जागा राहिला. महर्षी कर्व्यांनी १८९६ मध्ये 'अनाथ बालिकाश्रम' काढला, तो विधवांनी शिकून स्वतःच्या पायांवर उभे राहावे म्हणून. गांधीजींनी १९१५ मध्ये अहमदाबादजवळ कोचरबला आश्रम स्थापला. त्यांच्या एकादश व्रतांत 'शरीरश्रम' हे एक व्रतच होते.

आज मात्र 'वृद्धाश्रम' म्हणताना आपला आवाज खाली येतो. जन्मभर राबलेली माणसे तिथे दारावर येणाऱ्या पावलांची वाट पाहत बसतात. शब्द आपण आपलाच ठेवला. पण त्यात नकळत ग्रीकांचे वाळवंट भरले. ते हटवायला कोश लागत नाही. रविवारची एक फेरी पुरते.